वडक्कनकुळमच्या चर्चमधली भिंत

धर्म बदलला की जात आपोआप जाते, असे म्हणणाऱ्यांना आम्ही तामिळनाडूतल्या तिरुनेलवेली भागातील वडक्कनकुळम गावचे कॅथोलिक चर्च दाखवू इच्छितो. इंग्रजी अमलात, १८७२ मध्ये, जेझुइट पाद्र्यांच्या काळात ते उभे राहिले, तेच मुळी दोन दालनांचे. एकात पिल्लै म्हणजे वेल्लाळ ख्रिस्ती, दुसऱ्यात नाडार व इतर, मध्ये आडपडदा. दालने वेदीपाशी मिळत. पाद्र्याला दोन्हीकडची माणसे दिसत. भक्तांना मात्र एकमेकांचे तोंड दिसू नये, ही सोय! येशू एक, दालने दोन.

१९१० मध्ये पाद्र्यांनीच भिंत पाडली. पिल्लै मंडळी कोर्टात गेली. मागणी काय, तर वेगळे बसणे हा आमचा हक्क! मद्रास उच्च न्यायालयाने तो मानला नाही.

ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांवर लिहिताना बाबासाहेबांनी हेच दुखणे मांडले: धर्मांतरानंतरही जात टिकली. आपल्यातही पोटजात विचारून सोयरीक जुळतेच ना? तिथे फक्त विटा दिसत नाहीत.

आणि सरकार? १९५० च्या आदेशातील धर्माची अट बौद्धांसाठी १९९० मध्ये सैल झाली. दलित ख्रिस्ती अजून अनुसूचित जातींच्या यादीबाहेरच आहेत.