पांढरीतील घर

ज्ञातीच्या इतिहासावर यंदाच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे, अशी सूचना मंडळाच्या चिटणीसांनी केली. राजेरजवाड्यांचा इतिहास लिहिणारे विद्वान पुष्कळ आहेत. मी आपला एका ओसाड घराचा लिहितो. ते घर पुरंदर तालुक्याच्या पूर्व भागात होते, आणि आमचे होते.

जुन्या वतनी कागदांत गावची जमीन ‘काळी’ आणि ‘पांढरी’ अशा दोन नावांनी येते. काळीत पिकवायचे, पांढरीत राहायचे. हा केवळ रंगाचा भेद नव्हे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिची भिंत टिकत नाही. पांढरी चोपली म्हणजे घट्ट बसते. म्हणून भिंती तिच्या आणि माथ्यावरचे माळवदही तिचेच. आमच्या घराचे जोते काळ्या दगडाचे, त्यावर दोन हात रुंद मातीच्या भिंती, सागवानी खांब व तुळया, वर फळ्या, फळ्यांवर पाला आणि पाल्यावर पांढरीचा जाड थर. मृगापूर्वी दरवर्षी नवी माती टाकून तो चोपावा लागे. धुरासाठी व उजेडासाठी माळवदात सवणे ठेवलेले असे. पावसाचा थेंब पडला की त्यावर परात पालथी घालावयास आम्हां मुलांना पिटाळीत.

परंतु घराचे खरे मर्म बळदात होते. शहरात वाढलेल्या वाचकांस हा शब्द परका वाटेल. बळद म्हणजे भिंतीच्या पोटात राखलेली धान्याची पोकळी. ज्वारी वरून ओतावयाची आणि खालच्या भोकातून लागेल तेवढी काढावयाची; एरवी भोकात चिंध्यांचा बोळा व वर शेणाचा लेप. अंगणात पेवही होते. पेव उघडल्याबरोबर आत उतरू नये, कोंदट वायूने माणूस दगावतो, अशी आजोबांची सक्त ताकीद असे. माणसांच्या खोल्या अंधाऱ्या नि अडचणीच्या, पण धान्याची जागा कोरडी व सुरक्षित, अशी ही रचना होती.

ही रचना किती जुनी असावी? शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर व डॉ. अन्सारी हे त्यातील प्रमुख. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची शंभराहून अधिक घरे तेथे उजेडात आली. त्यांत धान्याची पेवे आहेत, कणग्या ठेवण्याचे मातीचे ओटे आहेत. पाच खोल्यांचे एक मोठे घर व त्याच्याजवळ कोठारही आहे. शेवटच्या काळात चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या आणि अखेर वस्ती उठली. वाढत्या अवर्षणामुळे असे झाले असावे, असे संशोधकांचे अनुमान आहे.

ते वाचताना मला १९७२ साल आठवले. त्या वर्षी आजोबांनी बळदाच्या भोकात कोपरापर्यंत हात घातला आणि मूठभर भुसा बाहेर काढला. अमेरिकेहून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी आम्ही खाल्ल्या. पुढे वडील आम्हांला घेऊन एस. टी. ने स्वारगेटला उतरले, जवळच दोन खोल्या घेतल्या, आणि त्या घराला कुलूप लागले ते कायमचे. माळवदावर माती टाकावयास कोणी उरले नाही.

पुढे भाऊबंदांच्या तक्षिमा निघाल्या. दुरुस्तीला कोणी तयार होईना. सागवानाला मात्र गिऱ्हाईक होते. कबुलीपत्रावर शेवटची सही माझी आहे. मुलांना वारसा शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने ती करावयास नको होती. पण त्या वेळी मुलीचे लग्न ठरले होते. तुळया निघाल्या, माळवद उघडे पडले, दोन पावसाळ्यांत भिंती बसल्या. नंतर भाऊबंदांनी ती पांढरी माती खत म्हणून गाड्या भरभरून काळीत नेली. आज जोत्याचे दगड तेवढे दिसतात.

त्या घराचे एकही माप मी घेतले नव्हते. वर लिहिले ते सर्व आठवणीतून. बळद किती खंडी ज्वारीचे होते, हेही आज सांगता येत नाही. आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांची गावची घरे अद्याप उभी आहेत, काही कुलपात, काही वाटणीच्या वादात. सही करण्यापूर्वी कोणी टेप घेऊन गेले, तर सोपा, माजघर, देवघर, गोठा यांची मापे, बळदाची जागा आणि तुळयांवरील कोरीव काम यांची टिपणे अवश्य आणावीत. ती नीट उतरवून घेण्यासाठी मी दर रविवारी सकाळी मंडळाच्या कार्यालयात वही घेऊन बसतो.