न लिहिलेल्या वाक्याचा इतिहास

पुण्यातल्या माझ्या क्लासमध्ये फळ्याच्या कोपऱ्यात एक साल कायम लिहिलेलं असतं: १९७९. नव्या मुलांना वाटतं, त्या साली जीमॅट सुरू झाली असणार. पण परीक्षा त्याहून जुनी. अमेरिकेतल्या लॉ स्कूलांची एलसॅट १९४८ च्या फेब्रुवारीत पहिल्यांदा झाली आणि आज आपण जीमॅट म्हणतो ती बिझनेस स्कूलांची परीक्षा १९५४ मध्ये.

या दोन्ही परीक्षा पुढे कित्येक वर्षं एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिसच्या हातात होत्या. अशा परीक्षा उपजत क्षमता मोजतात, घोकंपट्टीने किंवा शिकवणीने गुण फारसे वाढत नाहीत, असा त्या काळचा अधिकृत सूर. ब्रुकलिनमध्ये आईवडिलांच्या घराच्या तळघरात १९३८ पासून शिकवण्या घेणाऱ्या स्टॅन्ली कॅप्लनला ते मान्य नव्हतं. पण त्याच्याकडे परीक्षेतले प्रश्नच नसत. म्हणून एसएटी ही कॉलेजांची प्रवेशपरीक्षा झाली की तो मुलांना हॉटडॉग खायला बोलवायचा आणि काय काय विचारलं होतं ते त्यांच्याकडून काढून घ्यायचा.

१९७९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने कायदा केला: प्रवेशपरीक्षा दिलेल्याला प्रश्न, बरोबर उत्तरं आणि स्वतःची उत्तरपत्रिका पाहायला मिळाली पाहिजे. जुने पेपर उघड्यावर आले. ‘तर्क हा ज्याला येतो त्यालाच येतो’ हा समज मोडला तो इथे, कारण प्रश्न शेजारी शेजारी ठेवले की त्यांची ठेवण दिसायला लागते.

ही ठेवणही काही वर्षांत बदलत गेली. जुन्या जीमॅटमध्ये एखाद्या कंपनीच्या निर्णयाची लांबलचक हकिगत असे आणि त्यातली एकेक बाब पाच खणांत टाकायची असे: उद्दिष्ट, मुख्य घटक, दुय्यम घटक, गृहीतक, बिनमहत्त्वाची. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हा विभाग गेला आणि क्रिटिकल रीझनिंग आलं. चार-पाच वाक्यांचा युक्तिवाद, खाली पाच पर्याय. त्या पाच खणांपैकी एकाचं वजन मात्र वाढलं: गृहीतकाचं.

मी फळ्यावर नेहमी हे उदाहरण घेतो. एका तालुक्यात ठिबक सिंचनाला अनुदान मिळालं. तीन वर्षांत ठिबकखालचं क्षेत्र दुप्पट झालं. पाऊस नेहमीसारखाच पडला, तरी विहिरींची पातळी वाढली नाही. म्हणून ठिबकने पाणी वाचत नाही. हा युक्तिवाद कशाने ढासळेल? शेतकऱ्यांच्या घरातली मुलं हमखास ‘ठिबकमुळे उसाचा उतारा वाढतो’ हा पर्याय धरतात. घरचा अनुभव तसाच असतो, पण उताऱ्याचा इथे संबंधच नाही. बरोबर पर्याय असा: वाचलेल्या पाण्यावर शेतकऱ्यांनी पडीक जमीन भिजवली. लेखकाने न लिहिता धरून चाललेलं वाक्य होतं, ‘वाचलेलं पाणी विहिरीतच राहिलं’. ते उलटं करून पाहिलं की निष्कर्ष खाली बसतो.

मग अशा न लिहिलेल्या वाक्याची जागा मी जुन्या पेपरांत शोधायला लावतो. कुठे कारखाना असतो, कुठे औषध, कुठे पक्ष्यांची संख्या. पण एका गोष्टीनंतर दुसरी झाली, म्हणून पहिलीमुळेच दुसरी झाली, ही उडी तीच. थोड्यांवरून सगळ्यांबद्दल बोलणं तेच. अशा सात-आठ उड्या ओळखीच्या झाल्या की मुलगा पर्याय वाचायच्या आधीच मनात उत्तर बांधायला लागतो. गुण हलतात ते तेव्हापासून.

युक्तिवादाच्या या प्रश्नांचं वजन उतरायचं तर नाव नाही, उलट वाढतंच आहे. आपल्याकडे विधी विद्यापीठांच्या क्लॅटने २०२० पासून उताऱ्यांवरचे प्रश्न आणले आणि ‘कोण कोणाचा मेहुणा’ छापाच्या कोड्यांवरचा भर कमी झाला. २०२३ च्या अखेरीस आलेल्या नव्या जीमॅटमधून वाक्यदुरुस्ती गेली. शाब्दिक विभागात उरले उताऱ्यांचे आणि युक्तिवादांचे मिळून २३ प्रश्न, वेळ ४५ मिनिटं. एलसॅटने ऑगस्ट २०२४ पासून आकृत्या काढून सोडवायची कोडी बंद केली. आकृती काढणं ज्याला शक्य नाही अशा एका अंध उमेदवाराच्या दाव्यात २०१९ मध्ये तडजोड झाली होती, त्याचा हा परिणाम. आता एलसॅटच्या ज्या तीन विभागांचे गुण धरले जातात त्यांपैकी दोन तर्काचेच.

त्यामुळे ‘सर, रोज किती प्रश्न सोडवू?’ याला माझं उत्तर ठरलेलं आहे: दहा पुरे. पण दहाही प्रश्नांत वहीत दोन गोष्टी लिहायच्या, लेखकाने न लिहिलेलं वाक्य आणि चारही चुकीचे पर्याय का चुकले याचं एकेक ओळीचं कारण. ‘पटलं नाही’ हे कारण मी चालवून घेत नाही.