एका 'सर'ची तीन घराणी

'सर' हा मराठीत उच्चार एक, पण त्यामागे निदान तीन घराणी नांदतात. पावसाची सर स्त्रीलिंगी, मोत्यांचा सर पुल्लिंगी. ही दोन्ही देशी घरातली.

दुसरे घराणे फारसी. तिथे 'सर' म्हणजे डोके. गड सर करणे, सरदार, सरकार, सरहद्द हे सगळे त्याचेच वंशज. गंमत अशी, की हा फारसी 'सर' आणि संस्कृत 'शिरस्' एकाच मुळाचे. शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, सरनोबताचा सेनापती झाला. तरी १७१९ च्या मोगल सनदांनी मराठ्यांना शेकडा दहाचा जो हक्क मिळाला, त्याचे नाव सरदेशमुखीच राहिले. आपला सरपंच तर अर्धा फारसी, अर्धा देशी. परका म्हणून हाकललेला शब्द पुष्कळदा आपलाच चुलतभाऊ निघतो, तो असा.

तिसरे घराणे इंग्रजी. लॅटिनमध्ये 'सेनिओर' म्हणजे वयाने अधिक. फ्रेंचमार्गे त्याचा 'सर' झाला. 'जुना' या अर्थाचा वैदिक 'सन' हा त्याचा दूरचा नातलग. म्हणजे फारसी 'सर'शी याचे काहीच नाते नाही, साम्य केवळ कानाला. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना १९११ साली हा किताब मिळाला तेव्हा तो नावाच्या आधी लागला. शाळेत तो नावाच्या मागे गेला आणि 'गुरुजी' हळूहळू मागे पडले.

मी खराडीत राहतो. इथल्या आयटी पार्कांच्या फाटकांवर साठीचा पहारेकरी पंचविशीच्या अभियंत्याला 'सर' म्हणतो. तोच अभियंता आत गेल्यावर आपल्या वरिष्ठाला नुसत्या नावाने हाक मारतो. म्हणजे ज्या शब्दाच्या पोटात 'वडीलधारा' हा अर्थ आहे, तो इथे वडीलधाऱ्याने लहानाला द्यायचा झाला. वयाचा मान पगाराकडे गेला.

शब्दाचे मूळ दाखवून कुणाचा हुद्दा बदलत नाही, हे मी जाणतो. पण व्युत्पत्तीचा हिशेब काटेकोर मांडला, तर त्या फाटकावर 'सर' म्हणवून घेण्याचा पहिला हक्क पहारेकऱ्याचा आहे. अभियंत्याने त्याला 'काका' म्हटले, तरी शब्दाचे देणे फिटेल.