पहिला डाव कोणी निवडायचा? गिरणगावातल्या तालमी आणि नवशिका मल्ल

हिंदमाता हे नाव घेतले की दादर आणि परळ यांच्या सीमेवरची कापडाची बाजारपेठ, त्या नावाचे चित्रपटगृह आणि पावसाळ्यात साचणारे पाणी एवढेच आज बहुतेकांना आठवते. परंतु डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावरचा हा परिसर विसाव्या शतकात गिरणगावाचाच भाग होता आणि टाटा मिल, गोल्ड मोहर मिल, स्प्रिंग मिल अशा गिरण्यांचे भोंगे तिथल्या चाळींच्या दिवसाला वळण लावत. या गिरण्यांत राबणाऱ्या माणसांच्या चाळी, खाणावळी, भजनी मंडळे आणि संप यांविषयी बरेच लिहिले गेले आहे. त्या मानाने त्यांच्या तालमींकडे इतिहासलेखकांचे लक्ष गेले ते मुख्यतः दादागिरीच्या आणि मिरवणुकांच्या संदर्भात. तालमीत प्रत्यक्ष शिकवले काय जाई, आणि शेकडो डावांच्या त्या विद्येत नवख्या पोराने पहिले दोन-चार डाव कोणते घ्यायचे हे कोण आणि कशावरून ठरवी, हा प्रश्न त्यामुळे बाजूलाच राहिला.

कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये कंपनी स्थापन केली, ताडदेवची त्यांची गिरणी 1856 मध्ये सुरू झाली, आणि पुढच्या अर्धशतकात मुंबईच्या गिरण्यांनी कोकणातून, विशेषतः रत्नागिरीतून, तसेच साताऱ्यापासून कोल्हापूरपर्यंतच्या घाटावरच्या मुलखातून माणसे ओढून आणली. यांतला घाटावरचा मुलूख कुस्तीचा होता. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मल्लविद्येला राजाश्रय दिला आणि 1912 मध्ये खासबाग मैदान उभे केले, हे सर्वश्रुत आहे. त्याच पट्ट्यातल्या गावोगावच्या जत्रांतून आखाड्याची माती अंगाला लागलेली पोरे मुंबईत येऊन साच्यावर उभी राहिली. राहायला जागा अपुरी होती. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने, म्हणजे ज्यावरून बीडीडी हे नाव पडले त्या सरकारी खात्याने, 1920 च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे मिळून 207 चाळी बांधल्या, तरी त्यांतली एक खोली सुमारे 160 चौरस फुटांची असे आणि तीत पाळीपाळीने झोपणारे एकाच गावचे अनेक गडी राहत. ज्याला खोलीत पाय पसरायला जागा नाही त्याला तालीम ही अंग मोकळे करण्याची, गाववाल्यांत उठण्याबसण्याची आणि चार माणसांत आपली ओळख तयार करण्याची जागा होती.

तालीम म्हणजे वस्तादाच्या देखरेखीखाली चालणारी व्यायामाची आणि कुस्तीची शाळा. तिचा गाभा म्हणजे हौदा, म्हणजेच खणून, चाळून, तेल, ताक, हळद आणि लिंबाचा रस घालून मऊ केलेल्या लाल मातीचा आखाडा, आणि भिंतीशी मारुती. हौदा खणणे, म्हणजे फावड्याने माती खालीवर करून ती लढण्याजोगी करणे, हे काम नवशिक्याकडे येई आणि त्यातून त्याचे खांदे, कंबर आणि मनगट तयार होत. त्याच्या जोडीला जोर आणि बैठका असत. कुठे करेल, म्हणजे जड लाकडी मुद्गल, फिरवत, तर कुठे मल्लखांब असे. मल्लखांब म्हणजे जमिनीत रोवलेला गुळगुळीत लाकडी खांब. त्यावर हातापायांच्या पकडी घालून केलेल्या कसरतींमुळे जोडीदार नसतानाही पकडीचा सराव होतो, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी या विद्येचे पुनरुज्जीवन केले अशी परंपरा सांगते. दादरला शिवाजी पार्कवर काळे गुरुजींनी 1925 मध्ये स्थापन केलेल्या श्री समर्थ व्यायाम मंदिराने हीच परंपरा मध्यमवर्गीय मुलामुलींपर्यंत नेली, आणि 2019 मध्ये पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धाही शिवाजी पार्कवरच भरली.

या सगळ्याला एकत्रितपणे मेहनत म्हणत, आणि नवशिक्याच्या वाट्याला बराच काळ मेहनतच येई, डाव नव्हेत. आजच्या वाचकाला हे केवळ शिस्तीचे किंवा वस्तादाच्या मिजाशीचे लक्षण वाटेल, आणि त्यात मिजास अजिबात नव्हती असेही म्हणता येणार नाही. तथापि या क्रमामागे एक व्यवहारी हिशेब होता. मातीतली जुनी कुस्ती निकाली असे, म्हणजे वेळेची मर्यादा नसताना, प्रतिस्पर्धी चितपट होईपर्यंत, अर्थात त्याची पाठ मातीला लागेपर्यंत चाले. अशा लढतीत पंधराव्या मिनिटाला ज्याचा दम टिकून आहे त्याचा साधा डावही लागतो आणि ज्याचा दम संपला आहे त्याच्या हातातून उत्तम डावही निसटतो. म्हणून आधी दम, मग पकड, आणि त्यानंतर डाव असा क्रम पडला. मधल्या टप्प्यात खडाखडी येई, म्हणजे उभ्याने एकमेकांची मान, मनगट आणि दंड धरून ताकद व तोल अजमावण्याची झटापट, आणि वस्तादाचे खरे लक्ष तिथे असे, कारण पोराचा कल तिथेच उघडा पडतो.

डावाची निवड प्रथम शरीरावरून होई. उंच, लांब पायांच्या मल्लाला टांग सोसते. हा डाव प्रतिस्पर्ध्याच्या पायात आपला पाय आतून किंवा बाहेरून अडकवून त्याला उलथवण्याचा असल्यामुळे पायाची लांबी त्यात उपयोगी पडते. बुटक्या, दणकट बांध्याच्या पोराला पट दिला जाई, कारण चपळाईने खाली वाकून समोरच्याचा एक पाय (एकेरी पट) किंवा दोन्ही पाय (दुहेरी पट) खेचायचे तर ज्याचे डोके मुळातच खालच्या पातळीवर आहे त्याला वाकावे कमी लागते. समोरच्याच्या काखेखालून शिरून त्याच्या पाठीमागे जाण्याची बगलडूब हीही अशाच बांध्याची. खांदे आणि कंबर मजबूत असलेल्याला कलाजंग शिकवणे योग्य ठरे. त्यात प्रतिस्पर्ध्याच्या पोटाखाली घुसून त्याचा एक हात व एक पाय धरत त्याला खांद्यांवर आडवा घ्यावा लागतो, आणि तो उचलताना कंबर डगमगली तर स्वतःच खाली जाण्याची पाळी येते. धोबीपछाड, म्हणजे समोरच्याचा हात खांद्यावरून ओढून त्याला पाठीवरून फेकण्याचा डाव, हा मैदानात टाळ्या घेणारा म्हणून प्रत्येक नवख्याला हवाहवासा असतो. पण तो टाकताना प्रतिस्पर्ध्याकडे पाठ फिरवावी लागते, आणि अर्धवट बसलेला धोबीपछाड म्हणजे प्रतिस्पर्ध्याला आयती पाठ देणे होय. जडशीळ मल्लाला उभ्याच्या डावांपेक्षा खालचे डाव लाभत. घिस्सा, मोळी, सवारी हे त्यांतले प्रमुख. मोळीत प्रतिस्पर्ध्याची मान आणि पाय एकत्र आवळून त्याला उलटवतात, तर सवारीत त्याच्या पायात पाय गुंतवून त्याला दाबून ठेवतात, आणि दोन्हींत वजन हेच मुख्य हत्यार असते.

शरीरानंतरचा निकष तोडीचा. तोड म्हणजे विशिष्ट डावाला असलेले उत्तर; पटाला तोड म्हणून समोरचा पाय मागे फेकून आपले सगळे वजन वाकलेल्या मल्लाच्या मानेवर टाकतो. ज्याला केवळ पट येतो तो इथे अडकतो, तर ज्याला पटाबरोबर बगलडूबही शिकवली आहे तो समोरच्याचे वजन वरून आले की त्याच्या काखेखालून निसटून पाठीमागे पोचतो. म्हणून सुटा डाव देणे ही अर्धी शिकवण मानावी लागते. एक हल्ल्याचा डाव, तो हुकला तर पुढे जाण्याचा दुसरा, आणि स्वतःच्या अंगावर हमखास येणाऱ्या एका डावाची तोड एवढ्या तिघांचे कुटुंब नवशिक्याला पहिली काही वर्षे पुरे होई. तीस डावांची नावे पाठ असलेला पोरगा मैदानात हमखास घोटाळतो, कारण कोणता टाकावा याचा विचार होईपर्यंत समोरच्याने त्याची टाच धरलेली असते.

गिरणगावात या मितव्ययाला आणखी एक कारण असावे, आणि ते कामाच्या तासांत शोधायला हवे. 1911 च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांचा दिवस 12 तासांवर बांधला. 1922 च्या कायद्याने आठवडा 60 तासांचा झाला, 1934 मध्ये 54 चा आणि 1946 मध्ये 48 चा. कोल्हापूरच्या तालमीत राजाश्रयावर खुराक खाऊन दिवसभर मेहनत करणारा मल्ल आणि बारा तास साच्यावर उभा राहून आलेला गिरणी कामगार यांच्याकडे शिकण्यासाठी सारखा वेळ असणे शक्यच नव्हते. दूध, बदाम आणि तूप यांचा खुराकही कामगाराच्या पगारात मुश्किलीने बसे. अशा माणसाला थोडे डाव देऊन तेच घोटून घेण्यावाचून वस्तादापुढेही दुसरा मार्ग नव्हता असे मानायला जागा आहे.

नवशिक्याचा विचार वेगळा करायचा ही कल्पना अर्थातच गिरणगावाची नव्हे. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथातल्या मल्लविनोद प्रकरणात वय, आकार आणि बळ यांवरून मल्लांचे वर्ग पाडले आहेत, त्यांचा व्यायाम आणि आहार सांगितला आहे. डावांची नावे तिथे आहेत, परंतु त्यांचे वर्णन नाही, म्हणजे ती विद्या ग्रंथातून नव्हे तर गुरूच्या हातूनच मिळायची हे त्यात गृहीतच धरलेले दिसते. ही स्थिती बदलली ती छपाईमुळे. बडोद्याचे दत्तात्रय चिंतामण करंदीकर मुजुमदार यांनी संपादित केलेला ‘व्यायाम ज्ञानकोश’ 1936 ते 1949 या काळात दहा खंडांत प्रसिद्ध झाला, आणि मराठी वाचणाऱ्या कोणालाही देशी व्यायामाचे आणि मल्लविद्येचे भांडार घरबसल्या चाळता येऊ लागले. ज्ञानाच्या प्रसाराच्या दृष्टीने हे कार्य थोरच आहे; मात्र आपल्याला झेपेल ते कोणते, याचे उत्तर देणे कोशाचे काम नसते.

थोडके पण पक्के या धोरणाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे होय. लहान चणीचे खाशाबा ढाक या डावासाठी ओळखले जात; त्यात प्रतिस्पर्ध्याची मान कवेत धरून त्याला फेकतात. 1948 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते सहावे आले आणि 1952 मध्ये हेलसिंकीला बॅंटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले, जे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक होते. मातीवर शिकलेल्या या मल्लाला गादीवरची, ठरावीक वेळेची आणि गुण मोजणारी कुस्ती नव्याने समजून घ्यावी लागली, परंतु हातात बसलेला ढाक दोन्हीकडे चालला.

वस्तादाच्या हातातल्या निवडीला काळी बाजूही होती. आपला हुकमी डाव शिष्यापासूनही राखून ठेवणारे वस्ताद असत, आणि नवख्याला कशासाठी तयार केले जात आहे हे नेहमी त्याला विचारून ठरत नसे. राजनारायण चंदावरकर यांच्यासारख्या इतिहासकारांनी दाखवल्याप्रमाणे तालमींचे आश्रयदाते असलेले मोहल्ल्यातले दादा संपांच्या काळात आपापल्या बाजूने बळ उभे करत, आणि तेव्हा आखाड्यातली मेहनत आखाड्याबाहेर वापरली जाई. शरीराचा अचूक पारखी असलेला माणूस शिष्याच्या हिताचाही तितकाच राखणदार असेल असे नव्हे.

स्वातंत्र्यानंतर स्पर्धांची चौकट बदलली. 1953 च्या कायद्यातून उभ्या राहिलेल्या कामगार कल्याण मंडळाने पुढे कामगार केसरीसारख्या स्पर्धा भरवल्या, आणि 1961 पासून महाराष्ट्र केसरीचा किताब सुरू झाला. परंतु 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या, सुमारे अडीच लाख कामगारांच्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, घाटावरून पोरे येण्याचा ओघ आटला, आणि ज्याला पोराचा बांधा, कुवत आणि गाव तिन्ही ठाऊक आहे अशा वस्तादाची जागा त्याबरोबरच गेली.

नवख्याने पहिले डाव कोणते घ्यायचे हा तोच प्रश्न दरम्यान अगदी वेगळ्या ठिकाणी उभा राहिला होता. ज्यात खेळाडू एखाद्या काल्पनिक योद्ध्याची भूमिका घेतो आणि हळूहळू त्याची युद्धकौशल्ये वाढवतो अशा ऑनलाइन भूमिका-खेळांत नवख्यापुढे पहिली अडचण हीच असते. 1997 च्या ‘अल्टिमा ऑनलाइन’मध्ये एका कौशल्याची कमाल 100 आणि सगळ्यांची बेरीज 700 एवढीच ठेवलेली असल्यामुळे खेळाडूला सातच कौशल्ये पूर्ण कमावता येत, सगळे थोडे थोडे घेणाऱ्याचे कशातच धड भागत नसे. 2004 च्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये नवी कौशल्ये खेळातल्या प्रशिक्षकाकडून विकत घ्यावी लागत, दहाव्या पातळीपासून प्रत्येक पातळीला एक गुण हवा तिथे खर्चता येई, आणि निवड चुकली तर खेळातलेच सोने भरून ती पुसता येई. तालमीला न परवडणारी चैन होती ती एवढीच, कारण चुकीच्या डावावर घालवलेली तीन वर्षे मल्लाला कोणत्याही शुल्कात परत मिळत नाहीत. बाकी जाणते खेळाडू नवख्याला जे सांगतात, म्हणजे आधी टिकून राहण्याची क्षमता, मग एक भरवशाचा हल्ला, त्याला जोडून येणारा दुसरा आणि एक बचाव, ते परळच्या कोणत्याही वस्तादाला अनोळखी वाटले नसते. 2022 च्या ‘ड्रॅगनफ्लाइट’ या विस्तारात ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने कौशल्यवृक्षांची मोठी मांडणी पुन्हा आणली, आणि तिच्यासोबत नवख्यासाठी आधीच निवडून ठेवलेल्या कौशल्यांचा एक तयार आराखडाही दिला.