बेळगावात भाड्याचं घर शोधताना : वस्ती, अनामत आणि करारपत्र

नोकरी, शिक्षण किंवा दवाखान्याच्या निमित्ताने खानापूर, चंदगड, निपाणी भागातली अनेक कुटुंबं बेळगावात भाड्याने घर शोधतात. भाडं किती, हा पहिला प्रश्न असतो. पण घर परवडतं की नाही, हे भाडं, येण्याजाण्याचा खर्च, पाणी आणि अडकून पडणारी अनामत या सगळ्यांची बेरीज केल्यावरच कळतं.

कुठे शोधावं?

टिळकवाडी, हिंदवाडी, भाग्यनगर इथं शाळा-कॉलेज जवळ, त्यामुळे मागणी आणि भाडं दोन्ही जास्त. शहापूर, वडगाव, खासबाग या जुन्या विणकर वस्त्यांत गल्लीतल्या घरांत एक-दोन खोल्या मिळतात. मात्र शेजारी माग असेल तर दिवसभर खडखड ऐकायची तयारी हवी. उद्यमबागच्या कारखान्यांत काम असणाऱ्यांना अनगोळ, मजगाव सोयीचं. थोडं लांब चालत असेल तर खानापूर रस्त्यावर पिरनवाडी, मच्छे. कॅम्पच्या बाजूला काम असेल तर गणेशपूर, हिंडलगा बघावं.

एजंट साधारण एका महिन्याचं भाडं दलाली म्हणून मागतात. ती वाचवायची तर किराणा दुकानदार, दूधवाला, गल्लीतलं मंडळ यांना विचारावं. पाटी कन्नडमध्येही असते. ‘मने बाडिगेगे इदे’ म्हणजे घर भाड्याने देणे आहे.

हिशेब कसा मांडावा?

समजा, लांबच्या घराचं भाडं ५,००० रुपये, अनामत ३०,०००. येण्याजाण्याला महिन्याला २,००० आणि पाण्याच्या टँकरच्या वाट्याचे ६०० जातात. अनामतीवर ७ टक्क्यांनी बुडणारं व्याज महिन्याला १७५. एकूण ७,७७५.

जवळच्या घराचं भाडं ६,५००, अनामत ५०,०००. येण्याजाण्याला ६००, टँकर नाही, व्याज २९२. एकूण ७,३९२. भाडं दीड हजाराने जास्त असूनही हेच घर ३८३ रुपयांनी स्वस्त पडतं.

या हिशेबात सरकारी योजनाही धराव्यात. कर्नाटकातल्या रहिवासी महिलांना ‘शक्ती’ योजनेत जून २०२३ पासून सरकारी साध्या बसचा प्रवास मोफत आहे. आधारवर महाराष्ट्राचा पत्ता असेल तर तिकीट काढावं लागतं. ‘गृहज्योती’त २०० युनिटपर्यंतच्या वीजसवलतीचा लाभ भाडेकरूलाही मिळतो, पण मोफत युनिटची मर्यादा त्या मीटरच्या आधीच्या वापरावर ठरते. म्हणून घरमालकाकडून मागची वीजबिलं बघून घ्यावीत. दोन-तीन बिऱ्हाडांना एकच मीटर असेल तर बिलाची वाटणी कशी, हे आधीच ठरवावं.

घर बघताना

पाणी किती दिवसांनी आणि किती वेळ येतं, हे मालकाऐवजी शेजाऱ्यांना विचारावं. शहराच्या काही भागांत चोवीस तास पाणी आहे, सगळीकडे नाही. बेळगावचा पाऊस मोठा. भिंतीच्या खालच्या भागात नवा रंग दिसला तर ओल आहे का विचारावं. वडगाव, येळ्ळूर रोड बाजूला बळ्ळारी नाल्याचं पाणी कुठवर येतं, तेही विचारून घ्यावं.

करारपत्र

महाराष्ट्रात भाडेकरार कितीही महिन्यांचा असला तरी लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. बेळगावात मात्र ई-स्टॅम्पवर ११ महिन्यांचा करार करण्याचीच वहिवाट आहे, कारण नोंदणी कायदा १९०८ नुसार वर्षापेक्षा जास्त मुदतीचा करार नोंदवणं बंधनकारक आहे.

करार बहुधा कन्नड किंवा इंग्रजीत असतो. वाचता येत नसेल तर जाणकाराकडून मराठीत समजून घेतल्याशिवाय सही करू नये. त्यात अनामतीची रक्कम, ती परत करण्याची मुदत, दरवर्षीची भाडेवाढ, रंगकामाची कपात आणि घर सोडण्याची आगाऊ सूचना किती दिवसांची, या पाच गोष्टी आकड्यांत असाव्यात. ‘नेहमीप्रमाणे’ असा शब्द चालू देऊ नये. भांडण तिथूनच सुरू होतं.

अनामत बँकेतून किंवा यूपीआयने द्यावी. रोख दिली तर सहीची पावती घ्यावी. कर्नाटकातल्या शहरांत ‘लीज’ची पद्धतही आहे. त्यात मोठी रक्कम एकदम द्यायची, महिन्याचं भाडं नाही आणि मुदत संपली की रक्कम परत. पण मालकाने घरावर बँकेचं कर्ज काढलेलं असेल तर ही रक्कम धोक्यात येते. अशा व्यवहाराआधी उपनिबंधक कार्यालयातून बोजाचा दाखला काढावा आणि वकिलाला दाखवावा.

राहायला जाण्याच्या दिवशी भिंती, नळ, फरशी, स्विच आणि मीटरचं रीडिंग यांचे फोटो काढून मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवावेत. घर सोडताना अनामतीतून कपातीचा विषय निघाला की हेच फोटो आणि तारीख उपयोगी पडते.