लाल नसलेलं लाल चर्च

गोव्याला जाऊन आलेल्या कुणाचेही फोटो बघा. बागा बीच, दूधसागर, फेणीची बाटली, आणि एक तरी फोटो त्या लाल चर्चसमोरचा असतोच असतो. जुन्या गोव्यातलं बॉम जीझस. "किती जुनं दिसतं ना!" हे वाक्यही त्या फोटोसोबत फुकट मिळतं.

आता एक साधा प्रश्न. रस्त्याच्या पलीकडचं सें कॅथेड्रल पांढरं आहे. त्याच्या शेजारचं सेंट फ्रान्सिसचं चर्च पांढरं आहे. पणजीचं पायऱ्यापायऱ्यांचं चर्चही पांढरं. मग हे एकटंच लाल का?

उत्तर ऐकून जरा दचकायला होतं. हेही लाल नव्हतं. जवळजवळ साडेतीनशे वर्षं या चर्चच्या अंगावर चुन्याचा गिलावा होता. तो १९५० च्या दशकात, पोर्तुगीज राजवटीच्या शेवटच्या काही वर्षांत, मुद्दाम खरवडून काढला गेला. म्हणजे आपण ज्याला "चारशे वर्षांपूर्वीचं रूप" समजतो, ते आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या आजी-आजोबांपेक्षाही लहान आहे :)

पण गिलाव्याकडे नंतर येऊ. आधी इमारत.

१५९४ च्या नोव्हेंबरात पायाभरणी झाली आणि १५ मे १६०५ रोजी आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांच्या हस्ते अभिषेक. बांधणारे जेझुइट पंथाचे पाद्री. पैसा मुख्यतः दों जेरोनिमो मास्कारेन्यस या माणसाचा. हा कोचीन आणि होर्मुझचा कप्तान, १५९३ साली वारला, आणि त्याच्या मृत्युपत्रातल्या पैशातून हे चर्च उभं राहिलं. आत शिरून वेदीकडे चालायला लागलात की वाटेत भिंतीशी त्याचं स्मारक दिसतं. बहुतेक लोक त्याच्याकडे न बघता पुढे जातात. सगळा खर्च ज्याने केला त्याच्यापाशी कोणी थांबत नाही, हे काही फक्त चर्चमध्येच होतं असं नाही.

साहित्य दोन प्रकारचं. भिंती स्थानिक जांभ्याच्या चिऱ्यांच्या. आणि दर्शनी भागातले कोरीव खांब, कमानी, चौकटी यांचा काळा दगड आला थेट आपल्या वसईहून! जांभा मऊ आणि सच्छिद्र, त्यात बारीक कोरीव काम टिकत नाही. वसई तेव्हा पोर्तुगिजांचीच होती, त्यामुळे दगड गलबतात भरला आणि दक्षिणेला पाठवला. दर्शनी भिंतीच्या माथ्यावर आयएचएस ही अक्षरं कोरलेली आहेत, ती येशूच्या नावाची ग्रीक आद्याक्षरं आणि जेझुइटांचं बोधचिन्ह. एखाद्या कंपनीचा लोगो इमारतीच्या कपाळावर असावा तसं.

आत गेल्यावर पहिला धक्का सोन्याचा बसतो. बाहेर ओबडधोबड दगड आणि आत अख्ख्या भिंतीएवढं सोनेरी लाकडी मखर. त्यात खाली छोटीशी बाळ येशूची मूर्ती आहे. चर्चचं नाव या येशूवरून आहे, पण नजर जाते तिच्या वरच्या भल्याथोरल्या मूर्तीकडे. ती जेझुइट पंथाचा संस्थापक सेंट इग्नेशियस लोयोला याची. चर्च देवाचं, पण मखरात मोठा आकार आपल्या संस्थापकाचा! नीट पाहिलं तर इग्नेशियस वर बघतोय, त्याच आयएचएस अक्षरांकडे. त्याच्याही वर पवित्र त्रैक्य.

गर्दी मात्र या दोघांसाठी नसते. ती असते उजव्या अंगाच्या कक्षातल्या सेंट फ्रान्सिस झेवियरसाठी. हा १५४२ मध्ये गोव्यात आला, १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारला, आणि १५५४ मध्ये त्याचा देह गोव्यात आणला गेला. गोवेकर त्याला 'गोंयचो सायब' म्हणतात, आणि यात फक्त ख्रिस्ती येत नाहीत. दर दहा वर्षांनी देह दर्शनासाठी खाली आणतात. नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ मध्ये असा सोहळा झाला.

याच झेवियरने १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन हवं अशी मागणी केली होती. ते आलं १५६० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत टिकलं. हे चर्च बांधलं जाण्याच्या अर्धशतक आधीच आसपासच्या तिसवाडीतली देवळं पाडून झाली होती. ज्या गावांची देवळं गेली त्यांचेच वंशज आज सायबाला नवस बोलतात. हे दोन्ही खरं आहे, आणि एकाने दुसरं खोडलं जात नाही.

आता त्या थडग्याकडे बघा. ते तीन मजली आहे असं म्हटलं तरी चालेल. वरची चांदीची पेटी १६३६-३७ मधली, गोव्यातल्याच सोनारांनी घडवलेली, तिच्यावर झेवियरच्या आयुष्यातले प्रसंग. पेटीखालचा रंगीत दगडांचा, संगमरवराचा आणि ब्राँझच्या पट्ट्यांचा डोलारा मात्र इटलीचा. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो द मेदिची याला झेवियरच्या डोक्याखालची उशी भेट मिळाली. त्याची परतफेड म्हणून त्याने फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोजिनी याच्याकडून हे काम करवून घेतलं. काम चाललं दहा वर्षं. मग सगळे सुटे भाग खोक्यांत भरून लिस्बनमार्गे गोव्याला, सोबत जोडणी करायला प्लासिदो रॅम्पोनी नावाचा कारागीर. १६९८ मध्ये जोडणी पूर्ण. एका उशीच्या बदल्यात! पण माझ्या मते त्यातली सगळ्यात वरची, सगळ्यात जवळून बघावी अशी वस्तू आपल्या सोनारांचीच आहे.

याच पेटीशी मराठ्यांचा इतिहास येऊन टेकतो. नोव्हेंबर १६८३. संभाजी महाराजांनी जुवे बेटावरचा किल्ला घेतला, राजधानीपासून हाकेच्या अंतरावर. परत घ्यायला गेलेला विजरई, काऊंट ऑफ आल्व्होर, मार खाऊन कसाबसा जीव वाचवून आला. मग तो या चर्चमध्ये आला, पेटी उघडायला लावली आणि आपला अधिकारदंड झेवियरच्या देहाजवळ ठेवला. अर्थ असा, की आता शहर तूच सांभाळ. थोड्याच दिवसांत शाहआलमची मोगल फौज कोकणात उतरली आणि महाराजांना वळावं लागलं. पोर्तुगिजांनी श्रेय अर्थातच झेवियरला दिलं, औरंगजेबाच्या मुलाला नाही.

शहर मात्र मराठ्यांमुळे नाही, रोगराईने मेलं. लोक पणजीकडे सरकत गेले, १८४३ मध्ये राजधानीही अधिकृतपणे गेली. त्याआधी १७५९ मध्ये जेझुइटांनाही हाकललेलं होतं. समोरच्या टेकडीवरच्या ऑगस्टिनियन चर्चचं छत १८४२ मध्ये कोसळलं, आज तिथे मनोऱ्याचा सुळका तेवढा उभा आहे. बॉम जीझस टिकलं, कारण सायब तिथे होता आणि म्हणून डागडुजी होत राहिली. १८६२ मध्ये भिंतीला बाहेरून दगडी टेकूही दिले गेले. माणसं येत राहिली की इमारत जगते.

आणि मग आला १९५० चा काळ. भारत स्वतंत्र झालेला, गोव्यावरचा पोर्तुगीज दावा जगाला पटवायचा होता. लिस्बनहून आलेल्या बाल्ताझार काश्त्रो या वास्तुतज्ज्ञाने गिलावा काढवला. कारण असं सांगितलं जातं, की उघड्या दगडाची इमारत जास्त प्राचीन दिसते. दिसली खरी. आपण सगळे फसलो की!

अडचण अशी, की जांभा पाणी पितो. गोव्यात वर्षाला शंभर इंचांच्या वर पाऊस पडतो. कोकणातल्या कुठल्याही गवंड्याला विचारा, जांभ्याच्या भिंतीची पावसाची बाजू तो उघडी सोडत नाही. चुन्याचा गिलावा म्हणजे शोभा नव्हे, ती भिंतीची छत्री असते. तो स्वतः झिजतो, पुन्हा लावता येतो. चिरा झिजला की झिजला. २०२० मध्ये बॅसिलिकाच्या रेक्टरांनीच या झिजेबद्दल जाहीरपणे आवाज उठवला आणि पुन्हा गिलावा करावा का, ही चर्चा पेटली. विरोधकांचं म्हणणं, आता जगाला हे लालच माहीत आहे, १९८६ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं तेही याच रूपात.

आमच्या धंद्यात असा प्रकार नेहमी दिसतो. जुन्या कोडमधली एखादी ओळ निरर्थक वाटते, कोणीतरी साफसफाई म्हणून ती काढतो, आणि पहिल्या पावसात, म्हणजे पहिल्या मोठ्या लोडला, कळतं की ती कशासाठी होती. फरक एवढाच की कोड परत आणता येतो.

माझं मत विचाराल तर गिलावा परत लावावा. फोटो जरा कमी 'प्राचीन' येतील, येऊ देत. वसईचा दगड, गोव्याच्या सोनारांची चांदी, फ्लॉरेन्सचा संगमरवर, हे सगळं त्या चिऱ्यांच्या भिंतींच्या भरवशावर आत बसलेलं आहे. पुढच्या वेळी तिथे गेलात, तर सेल्फीआधी एक मिनिट भिंतीला हात लावून बघा. हाताला लागेल ती लाल पूड म्हणजे चर्चच आहे.