गुलाबाचे वांझ पराग

कांजूरमार्गला आमच्या खिडकीतल्या कुंड्यांत मी लागोपाठ दोन हिवाळे गुलाबांचा संकर करून पाहिला. दोन्ही वेळा फळे पिवळी पडून गळाली. माती, खत, नर्सरीवाला, सगळ्यांना दोष देऊन झाला. शेवटी शेजारच्या निवृत्त शिक्षिका, आमच्या मॅडम, म्हणाल्या, "अहो, आईत काय खोट शोधताय? आधी बापाला तपासा."

त्यांच्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली ॲसिटोकार्माइनच्या थेंबात पराग टाकले. चांगला कण टपोरा आणि लाल दिसतो. माझे बहुतेक कण सुरकुतलेले, फिके होते. तिथून मी या फुलाच्या इतिहासात शिरलो.

गुलाबाच्या गुणसूत्रांचा मूळ संच सातांचा. चीनच्या बागांतले बारमाही फुलणारे गुलाब बहुतेक चौदा गुणसूत्रांचे, तर युरोपातले जुने गॅलिका आणि डमास्क अठ्ठावीसचे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून चिनी गुलाब युरोपात पोहोचू लागले. त्यांतल्या चार जातींना केंब्रिजच्या सी. सी. हर्स्ट यांनी आधुनिक गुलाबांचे पूर्वज मानले. चौदा आणि अठ्ठावीसच्या संकरातून एकवीसची संतती निघते. एकवीसचे दोन सारखे वाटे होत नाहीत. मग पराग तयार होताना कुठे जास्त, कुठे कमी गुणसूत्रे जातात आणि बहुतेक कण निकामी ठरतात.

फ्रान्सच्या गियो यांनी १८६७ साली आणलेला 'ला फ्रान्स' असाच त्रिगुणित. त्याला पहिला हायब्रिड टी म्हणून मान मिळतो. गंमत अशी, की घराण्याचा मूळपुरुष ठरलेला हा गुलाब स्वतः जवळजवळ वांझ! पुढे अठ्ठावीस गुणसूत्रांचे हायब्रिड टी हाती आले, तेव्हा पैदाशीची वाट मोकळी झाली.

आपल्याकडे हे काम चिकाटीने केले ते डॉ. बी. पी. पाल यांनी. केंब्रिजला गव्हावर संशोधन केलेला हा माणूस १९६५ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा पहिला महासंचालक झाला. गुलाब हा त्याचा फावल्या वेळचा नाद. 'रोझ शर्बत' त्यांनी 'ग्रुस आन टेप्लिट्झ'च्या बियांतून काढला, आणि एका पांढऱ्या गुलाबाला डॉ. होमी भाभांचे नाव दिले. भाभांचे तुर्भे आमच्यापासून फार लांब नाही, म्हणून या नावाचे मला जास्त अप्रूप.

रंग चढला म्हणजे कण जिवंतच, असे मात्र नाही. खरी कसोटी साखरेच्या पाण्यात चिमूटभर बोरिक ॲसिड घालून घ्यायची. नळी फुटली तरच जीव आहे. मुंबईची दमट हवाही परागांची वैरी. त्यामुळे फूल उमलण्याआधी परागकोश काढून, कागदावर सुकवून, घट्ट झाकणाच्या बाटलीत सिलिका जेलसोबत फ्रिजमध्ये ठेवायचे, हे मी उशिरा शिकलो. (बाटलीवर 'खाऊ नये' असे घरच्यांसाठी लिहावे लागले.)

गेल्या जानेवारीत 'ग्रुस आन टेप्लिट्झ'चे, म्हणजे गुलकंदवाल्यांच्या लाल सुर्ख्याचे पराग आधी साखरपाण्यात पारखले. नळ्या दिसल्यावरच कुक्षीवर लावले. पाच फुलांपैकी एकाचे फळ मे महिन्यापर्यंत टिकून नारिंगी झाले. आत नऊ बिया निघाल्या. ओल्या कापडात गुंडाळून त्या मी फ्रिजमध्ये, त्याच बाटलीशेजारी ठेवल्या आहेत.